पुढच्या रविवारचा वाचक

'या' अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय. 'या' तीन जिल्ह्यांना मुसळधार पावसाचा इशारा. रोज सकाळी 'हे' फळ खा आणि फरक पाहा. मोबाइलवर मराठी बातम्या वाचणाऱ्याला असे मथळे दिवसभर भेटत राहतात. अभिनेत्रीचे, जिल्ह्यांचे, फळाचे नाव मथळ्यातच दिले तर वाचक आत शिरणार नाही, म्हणून ते मुद्दाम दडवलेले असते. वाचक बोट टेकवतो, जाहिराती ओलांडतो, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात हवे ते नाव सापडले की निघून जातो. मोजणी करणाऱ्या यंत्रात एका वाचकाची भर पडते. लिहिणाऱ्याचे नाव मात्र त्या वाचकाच्या लक्षात राहत नाही, आणि उद्या पुन्हा तिथेच यावे असे काही त्याच्या हाती लागलेले नसते.

पावसाच्या मथळ्याचे तर वाईटच वाटते. काढणीला आलेले सोयाबीन शेतात उभे असताना आपला जिल्हा त्या तिघांत आहे की नाही, हे शेतकऱ्याला पहिल्या ओळीत कळायला हवे. त्याच्या काळजीवर आपली वाचकसंख्या वाढवणे हा त्याचा विश्वासघात आहे.

वाचकाला एकदा खेचून आणणे आणि तो वर्षानुवर्षे येत राहील असे लिहिणे, ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी नियतकालिकांना दुसरे काम फार जुन्या काळापासून उत्तम साधले होते. ते साधण्याचे मुख्य साधन होते सदर: ठरलेला वार, ठरलेली जागा, ओळखीचे नाव आणि आखून घेतलेला विषय. आठवडी बाजाराचा वार आणि तिथली ओळखीची पाले पक्की असतात म्हणून पंचक्रोशीतली माणसे न बोलावता येतात. सदराचा वाचकही तसाच येतो. मागच्या वेळी त्याला काही मिळालेले असते आणि पुढच्या वेळी काय मिळेल याचा अंदाज असतो. आज हे साधन वृत्तपत्रांच्या हातून निसटत चालले आहे आणि ते जपायला हवे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले. ते आधी पाक्षिक होते, काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. एका पानावर शेजारी शेजारी दोन रकाने, एक इंग्रजी आणि एक मराठी, अशी त्याची मांडणी होती. त्यानंतर १६ वर्षांनी, १८४८ मध्ये, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे छापून येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा जेमतेम पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. १८५० पर्यंत ही पत्रे चालली. 'शतपत्रे' म्हणून ओळखली जात असली तरी त्यांची संख्या १०८ भरते.

आजच्या स्तंभलेखकाने ही पत्रे लिखाणाचा धडा म्हणून वाचावीत. पत्र आटोपशीर असते. विधवांचे पुनर्विवाह, शिक्षण, व्यापार, धर्माच्या नावावर चालणारी पोटभरू विद्या असे एकेक दुखणे हाती घ्यायचे आणि त्यावर आडपडदा न ठेवता बोलायचे, अशी त्यांची रीत. वाक्ये बोलीला जवळची. पुढच्या अंकातही हाच माणूस असेच रोखठोक बोलणार, याची वाचकाला खात्री असे. ती पत्रे वाचून संतापणारेही पुढचे पत्र वाचत असणार. आपल्यावर कोण काय बोलतो हे ऐकल्याशिवाय माणसाला राहवत नाही. एकाच सुरात दीर्घकाळ बोलत राहिल्याने मराठी गद्यात एक व्यक्ती उभी राहिली, आणि वाचक त्या व्यक्तीला ओळखू लागला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची रीत याच्या अगदी उलट. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. लांबलचक, प्रौढ वाक्ये. एकेक विषय अनेक अंकांत चाललेला. तरीही वाचक टिकला, कारण प्रत्येक अंकात अभ्यास दिसत असे आणि लिहिणाऱ्याला त्या विषयाची तळमळ आहे हे कळत असे. या काळात त्यांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली, १८८० च्या जानेवारीत टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्या वर्षी 'केसरी' सुरू झाला. 'आमच्या देशाची स्थिती' या त्यांच्या शेवटच्या निबंधावर इंग्रज सरकारने बंदी घातली, ती १९३७ पर्यंत उठली नाही.

लोकहितवादी आटोपशीर लिहीत आणि चिपळूणकर ऐसपैस. दोघांनाही वाचक मिळाला. तेव्हा लेख किती शब्दांचा असावा, परिच्छेद किती ओळींचा असावा, यावर आज चालणाऱ्या चर्चेला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. लांबी विषयाच्या गरजेने ठरते. वाचक कंटाळतो तो एकच गोष्ट तीनदा सांगितली की, आणि सांगण्यासारखे काही नसताना रकाना भरला की.

सदर चालवण्याची किंमत काय असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. 'आजकालचे प्रश्न', 'प्रासंगिक विचार' अशी त्याची ठरलेली सदरे होती. वकिली, सभा, विधिमंडळाचे काम हे सगळे सांभाळून बाबासाहेब त्यातले रकानेच्या रकाने एकट्याने लिहीत. महाडमध्ये काय झाले, सनातन्यांनी काय केले, सरकार काय म्हणते, पुढचे पाऊल कोणते, हे वाचकाला अंकामागून अंकात कळत गेले. ज्यांच्या आयुष्याचाच प्रश्न तिथे चालला होता ते पुढच्या अंकाची वाट पाहत. स्वतःला वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेत. पैशाअभावी हे पाक्षिक १९२९ मध्ये बंद पडले, १९३० मध्ये 'जनता' निघाले. लिहिणाऱ्याला वाचकाच्या जगण्याचा एक धागा धरून ठेवता आला, तर वर्गणीची ऐपत नसलेला वाचकही सुटत नाही. अंक मात्र पैशावाचून थांबतो. पुढे मानधनाचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवावे लागेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासिकांनी आणि साप्ताहिकांनी हाच धागा वेगवेगळ्या रीतींनी विणला. पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' आधी 'किर्लोस्कर' मासिकात क्रमशः आले, सोबत शि. द. फडणीसांची चित्रे. परदेश न पाहिलेल्या घराघरांत पुढचा अंक कधी येतो याची विचारणा होई. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या 'माणूस'ने गंभीर विषयही मालिकेच्या रूपात दिले. चीनच्या क्रांतीवरचे अरुण साधूंचे '...आणि ड्रॅगन जागा झाला' तिथल्या वाचकांनी हप्त्याहप्त्याने वाचले. अनिल अवचट बिहारमधले दारिद्र्य पाहून आले आणि त्यांनी 'माणूस'मध्ये लिहिले. त्यातून 'पूर्णिया' हे त्यांचे पहिले पुस्तक तयार झाले. चीनसारख्या दूरच्या देशाविषयी एका मराठी साप्ताहिकाचा वाचक आठवड्यामागून आठवडा वाचत राहतो, हे त्या संपादकाच्या धाडसाचे फळ होते. वाचकाला झेपणार नाही असे त्याने आधीच ठरवून टाकले नव्हते.

१९६४ मध्ये केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' सुरू केले आणि त्यात 'ठणठणपाळ' अवतरला. जयवंत दळवी या टोपणनावाने साहित्यविश्वाची खबर घेत आणि वसंत सरवटे हातात भलाथोरला हातोडा घेतलेला ठणठणपाळ चितारत. ग्रंथव्यवहाराला वाहिलेल्या मासिकात अनेक वाचक सर्वांत आधी ते पान उघडत. त्या सदराचे बळ थट्टेत होते, तितकेच माहितीत होते. कोणत्या लेखकाचे काय चालले आहे, कोणत्या संमेलनात काय शिजते आहे, हे दळवींना आतून ठाऊक असे. विनोदाला असा ऐवज लागतो. पुढच्या काळात 'तंबी दुराई' किंवा 'ब्रिटिश नंदी' या टोपणनावांचा शोध वाचक पानावर आधी घेत, कारण त्या लेखनाला आठवड्याच्या राजकारणाचे पक्के भान असे.

दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी' हेही 'लोकसत्ता'तले असेच साप्ताहिक सदर. टिपरे नावाच्या मध्यमवर्गीय कुटुंबातली माणसे आपापल्या रोजनिशीत लिहितात, इतकीच तिची मांडणी. आजोबा, मुलगा, सून, नातवंडे. घरातली एकच घटना प्रत्येकाला वेगळी दिसते. काही आठवड्यांत ही माणसे वाचकाच्या घरातली झाली. त्यावरून पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनीही डोक्यावर घेतली. प्रभावळकरांनी आठवड्याच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवणारी रहस्ये पेरली नव्हती. ओळखीच्या माणसांचे या आठवड्यात काय चालले आहे, एवढी ओढ पुरेशी होती.

वाचक टिकवायला विनोद किंवा कथा लागतेच असे मात्र नाही. २००५ मध्ये 'सकाळ' समूहाने शेतीला वाहिलेले 'ॲग्रोवन' हे दैनिक सुरू केले. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागायतदाराचे वर्ष दोन छाटण्यांभोवती फिरते: एप्रिलच्या आसपासची खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फळछाटणी. फळछाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डाऊनी रोगाची धास्ती, थंडी वाढली की भुरी रोगाची. अशा वेळी पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा सल्ला त्याच आठवड्यात हाती पडणे मोलाचे असते. पंधरा दिवसांनी आलेला तोच लेख कितीही सुंदर असला तरी बागेच्या उपयोगाचा नाही. असे लेख शेतकरी कापून ठेवतात, त्यांची छायाचित्रे गटागटांत फिरतात. वेळेवर येणे हा इथे लेखनाचा गुणच आहे.

'लोकसत्ता'तले 'कुतूहल' हे मराठी विज्ञान परिषदेचे सदर आणखी वेगळे. विषय वर्षभरासाठी ठरलेला, लेख छोटा, पण नियमित. एका टिपणात एक संकल्पना. शाळेतला शिक्षक ते टिपण फळ्याशेजारी लावू शकतो, आणि वर्ष संपेपर्यंत नियमित वाचणाऱ्याला एका विषयाची बरी ओळख झालेली असते. एकेकटे टिपण वाचणाऱ्यालाही काही मिळते आणि सगळी वाचणाऱ्याला अधिक मिळते, अशी रचना साधणे सोपे नाही. त्यामागे विषयतज्ज्ञांची आखणी आणि संपादकाची शिस्त लागते.

या सगळ्यांत समान काय आहे? पहिली गोष्ट, लिहिणाऱ्याचे स्वतःचे क्षेत्र. सदर सुरू करणाऱ्या बहुतेकांजवळ पहिल्या आठ-दहा लेखांचा मजकूर आयताच साठलेला असतो: बालपण, प्रवास, गुरुजन, पावसाळा. खरी कसोटी त्यानंतर लागते. वर्षाचे ५२ आठवडे निभावतो तो लेखक, ज्याच्या कामातूनच दर आठवड्याला नवे काही हाती येते. तालुका न्यायालयात वकिली करणारी बाई, ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर, एसटीचा वाहक, बाजार समितीतला अडत्या यांच्यापाशी असा जिवंत झरा असतो. पुण्या-मुंबईत बसून 'आजची पिढी' या विषयावर दर रविवारी मत देणाऱ्यापाशी तो नसतो, आणि तिसऱ्या महिन्यात वाचकाला ते जाणवते.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. चांगले सदर मागच्या लेखाशी बोलत असते. मार्चमध्ये ज्या गावाच्या पाणीयोजनेवर लिहिले तिचे जूनमध्ये काय झाले, हे त्याच लेखकाने सांगायला हवे. मागे दिलेला आकडा चुकला असेल तर पुढच्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तशी स्पष्ट दुरुस्ती यायला हवी. पानाच्या कोपऱ्यातल्या बारीक टायपातला खुलासा पुरत नाही. चूक मान्य करणाऱ्या लेखकाच्या बाकीच्या आकड्यांवर वाचक अधिक भरवसा ठेवतो.

आणि तिसरी गोष्ट वाचकाचे उत्तर. मराठी वृत्तपत्रांना पत्रलेखकांची मोठी परंपरा आहे. दादरच्या मराठी वृत्तपत्र लेखक संघासारखी केवळ वाचकपत्रे लिहिणाऱ्यांची संघटना मुंबईत उभी राहिली, यावरून त्या ओढीची कल्पना येते. एकेकाळी सदरलेखकाच्या घरी पोस्टकार्डांचे गठ्ठे येत आणि त्यांतून पुढचे विषय निघत. आज लेखाखाली ईमेलचा पत्ता छापतात, पण आलेल्या पत्रांचे पुढे काय झाले हे वाचकाला कधी दिसत नाही. महिन्यातून एक लेख वाचकांच्या प्रश्नांना दिला, तर वाचक त्या सदराला आपले मानू लागेल.

यावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून एक ठरलेले उत्तर येते: आता वाचकाला वेळ नाही, तो दोन मिनिटांत निघून जातो, आकडे हेच सांगतात. आकडे खोटे नाहीत, पण ते अपुरे आहेत. कोण किती वेळा आले हे ते सांगतात. एखाद्या नावासाठी कोण आले, कोणी लेख कापून ठेवला, कोणी आईला वाचून दाखवला, हे त्यांना मोजता येत नाही. आणि दडवादडवीच्या मथळ्यांवर वाचक दोन मिनिटांत निघून जात असेल, तर दोष त्याच्या चिकाटीचा धरता येणार नाही. त्याला हवे होते ते नाव मिळाले, पुढे थांबण्यासारखे तिथे काही नव्हते.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती सोडवणे कचेरीच्या हातात आहे. ऐनवेळी जाहिरात आली की सदर उचलून पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते, कधी अर्ध्यावर कापले जाते. वाचक पान उघडतो, लेख नसतो, का नाही हे कोणी सांगत नाही. दोन-तीनदा असे झाले की त्याची सवय मोडते. पुष्कळ सदरे डिसेंबरअखेर निरोपाची एकही ओळ न लिहिता संपतात. नव्या लेखकांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि तेही महिनोन्महिने थकते. मग सदर लिहिणे त्यांनाच परवडते ज्यांचे पोट दुसरीकडे भरते. गडचिरोलीतला शिक्षक किंवा सिंधुदुर्गातली आशा सेविका दर आठवड्याला लिहायला बसावी असे वाटत असेल, तर त्यांच्या त्या संध्याकाळचे मोल वृत्तपत्राने चुकते करायला हवे. नावाजलेल्या अभिनेत्याच्या नावाने दुसऱ्याने लिहिलेल्या सदरावर होणारा खर्च तिकडे वळवला, तरी पुष्कळ काम होईल.

पुढच्या जानेवारीत नवी सदरे सुरू होतील. तेव्हा वृत्तपत्रांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. कोणते सदर कोणत्या वारी, कोणत्या पानावर, किती आठवडे चालणार याची यादी पहिल्या दिवशी छापावी आणि ती पाळावी. सदर एखाद्या आठवड्यात नसेल तर त्याच जागी दोन ओळींत कारण द्यावे. जिल्हा आवृत्त्यांतली निदान एक जागा त्या जिल्ह्यात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लेखकासाठी राखावी. संकेतस्थळावरच्या मथळ्यांतून 'या' आणि 'हे' काढून तिथे जिल्ह्याचे, माणसाचे, फळाचे नाव घालावे.

एक मोठे कामही समोर आहे. ६ जानेवारी २०३२ रोजी 'दर्पण'ला दोनशे वर्षे पूर्ण होतील. या दोन शतकांतल्या सदरांपैकी मोजकीच पुस्तकरूपात आली. बाकीची जुन्या अंकांच्या ठिसूळ कागदावर आहेत आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली अनेक संकेतस्थळे बदलताना दिसेनाशी झाली आहेत. वृत्तपत्रे, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांनी मिळून लेखकाच्या, सदराच्या आणि विषयाच्या नावाने शोधता येईल असा एक खुला संग्रह तोवर उभा केला, तर द्राक्षबागेच्या सल्ल्यापासून साहित्यिक टीकेपर्यंत मराठी माणूस आठवड्याच्या आठवडे काय वाचत आला, हे नव्या स्तंभलेखकाला पाहता येईल. वृत्तपत्रांनी सुरुवात आपल्या स्वतःच्या मागच्या वर्षीच्या अंकांपासून करावी. ते काम कोणत्याही कचेरीला यंदाच हाती घेता येईल.